पाचशे बारा बाइट

४ जानेवारी, सकाळी ९.१०

या वर्षी संकल्प एकच. जडपणा हटवायचा. पोटाचा नव्हे, पोटाकडे बायको बघतेच आहे. कॉम्प्युटरमधला जडपणा. ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा मिनिटं घेतो, परवा घड्याळ लावून मोजलं. माझा घरचा सोळा वर्षांचा म्हातारा अकरा सेकंदांत उठून बसतो. कारण त्यात काढून टाकण्यासारखं मी काही ठेवलेलंच नाही. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. बायकोला त्यावर प्रवासाचं तिकीट काढायचं होतं. निघत नाही म्हटल्यावर ती म्हणाली की मग हा कॉम्प्युटर नव्हे, पाटी आहे. कौतुक म्हणून घेतलं.

वही मुद्दाम कागदाची. डायरी लिहायचं एक सॉफ्टवेअर पाहिलं होतं, एकशे ऐंशी एमबी. तारीख टाकायला!

६ जानेवारी

ताईचं पार्सल आलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. राहते परगावी, पण सल्ले वेळेवर पोचतात. बाबांसाठी यंत्र पाठवलंय. बाबा एक्क्याऐंशीचे, दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर ऐकत नाहीत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यातली नऊ अजून भिंतीवर आहेत, त्यांची टिकटिक नसली तर झोप लागत नाही म्हणे.

यंत्र पांढरं, नारळाएवढं. रोज सकाळी आठला बाईच्या आवाजात विचारतं, कसे आहात? तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर मला, बायकोला आणि ताईला फोन लावतं. शिवाय गोळ्यांची आठवण, हवामान, विनोद. संध्याकाळी गेलो तेव्हा बाबा त्याला गुडघ्याबद्दल सांगत होते. मी आलेलो त्यांना कळलंही नाही.

७ जानेवारी

यंत्राच्या पोटात काय आहे ते उघडून पाहिलं. दोनशे अठरा एमबी! आणि दर आठवड्याला अपडेट. ‘कसे आहात’ या प्रश्नात दर आठवड्याला काय सुधारणा करतात देव जाणे. डोंगर पोखरून उंदीर.

बाबांना काहीतरी साधं, हलकं, खात्रीचं हवं. म्हणजे मी लिहिलेलं.

१० जानेवारी

आमच्या मंडळावर रात्रंदिवस हाच विषय चाललाय. मंडळ म्हणजे इंटरनेटवरचा आमचा हलक्या सॉफ्टवेअरवाल्यांचा कट्टा. जगभरातले दोन-अडीचशे लोक, सगळे टोपणनावांचे. मी ‘मुंगी’. सगळ्यांत मानाचा माणूस म्हणजे ‘शून्य’. तो कोण, कुठला, कुणाला माहीत नाही. फार बोलत नाही. बोलला की लोक जपून ठेवतात. परवा म्हणाला, प्रोग्रामला आणखी काय जोडता येईल हे पोरंटोरंही सांगतील, काय काढता येईल ते सांगा.

आमच्यात जुना दंडक आहे. काम नीट झालं तर प्रोग्रामने एक शब्द बोलायचा नाही. बिघडलं तरच तोंड उघडायचं. शांतता म्हणजे यश. हा दंडक घरात लागू करायचं ठरवलं. बायकोने विचारलं, कपडे वाळत घातले का? मी गप्प. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा गप्प. मग समजावून सांगितलं की गप्प आहे म्हणजे घातले. ती म्हणाली की घातले नसते तरी तू गप्पच बसला असतास, मग मी ओळखायचं कशावरून? या मुद्द्याचा विचार केला आणि सोडून दिला. (कपडे घातले नव्हते. पण तो मुद्दा वेगळा.)

१३ जानेवारी

शून्यने स्पर्धा जाहीर केली! पाचशे बारा बाइटांत मावणारा प्रोग्राम. बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराएवढी जागा. पाचशे बारा म्हणजे एका पोस्टकार्डावर मावेल इतकंच. खेळ, घड्याळ, नाचणारे ठिपके असलं काही चालणार नाही. कुणाच्या तरी रोजच्या उपयोगात असलेला, तीस दिवस एकही अक्षर न बदलता अखंड चाललेला प्रोग्राम हवा. मध्ये हात लावला की मोजणी पुन्हा एकपासून. मुदत १५ मार्च.

बाबांचं यंत्र! दुसरं काय? शिवाय हा केवळ माझा छंद आहे असं मग ताईला म्हणता येणार नाही.

१८ जानेवारी

पहिली आवृत्ती तयार. ताईचं नारळयंत्र काढून आमच्या माळ्यावर टाकलं. त्या जागी माझा काळा डबा, खोबणीत सिमकार्ड, मागे वायर, वायर भिंतीतल्या प्लगला. बाबांच्या गळ्यात दोरीने अडकवलेलं बटण. बटण दाबलं की डबा माझ्या, बायकोच्या आणि ताईच्या फोनवर रिंग देतो. फोन लागला नाही तर तीनदा प्रयत्न करतो. बटण कधी दाबलं ती वेळ लिहून ठेवतो. रोज सकाळी आठला मला एक छोटी रिंग देतो, म्हणजे डबा जागा आहे. आकार तीन हजार आठशे सत्तर बाइट. दोनशे अठरा एमबीच्या जागी!

बाबांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, छान आहे म्हणाले. मग विचारलं, हा बोलत नाही का? नाही म्हटलं, गरजच नाही. ते बरं म्हणाले.

२२ जानेवारी

सकाळची आठची रिंग काढली. सगळं ठीक आहे हे सांगायला फोन कशाला? ठीक नसेल तेव्हा सांगेलच. दोन हजार एकशे दहा.

२७ जानेवारी

तीनदा प्रयत्न करणं काढलं. पहिल्यांदा नीट लावला तर दुसऱ्यांदा लावावा लागत नाही. ‘दुसऱ्यांदा’ हा शब्दच आळशी लोकांनी काढलेला आहे. एक हजार चारशे साठ.

आज ऑफिसात मन लागलं नाही. साहेबांनी विचारलं, फाइल कुठे आहे? मी विचारात होतो की कुठे सहा बाइट वाचतील. तोंडातून निघून गेलं, फाइल काढून टाकली. साहेब पाच मिनिटं माझ्याकडे नुसते बघत होते.

२ फेब्रुवारी

ताईचा नंबर काढला. ती परगावी, रिंग वाजून करणार काय? रडणार. मग बायकोचाही काढला. ती हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, काउंटरवर फोन उचलत नाही. एक मालक, एक नंबर, एक जबाबदारी. बायकोला अजून सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं तर सांगेन, हाच दंडक.

नऊशे पाच.

६ फेब्रुवारी

कहर झाला. सकाळपासून चार वेळा रिंग. पहिल्यांदा साहेबांची मीटिंग सोडून पळत गेलो, बाबा शर्टाची बटणं लावत होते. त्यांचा हात थरथरतो, शर्टाच्या बटणाऐवजी गळ्यातलं दाबलं गेलं. दुसऱ्यांदा चष्मा शोधताना. तिसऱ्यांदा वर्तमानपत्र घडी करताना. चौथ्यांदा गेलोच नाही. ते नंतर म्हणाले की चौथ्यांदा शिंपीकाका आले होते, त्यांना बटण दाखवत होतो. शिंपीकाका बाबांचे शेजारी, रोज सकाळी दहाला पत्ते खेळायला येतात.

ज्या हातांनी केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवली, त्यांना शर्टाचं बटण सापडत नाही. बघवत नाही. असो. यावर सॉफ्टवेअरने उपाय होतो.

७ फेब्रुवारी

उपाय सापडला. बटण सलग तीन सेकंद, न हलता दाबलेलं राहिलं तरच रिंग. थरथर, धक्का, घसरलेलं बोट, हे सगळं कचरा, प्रोग्राम तो बाजूला टाकतो. खरी गरज असलेला माणूस तीन सेकंद घट्ट दाबेलच की! याला आमच्याकडे गाळणी म्हणतात. चौदा सूचनांत बसवली. शून्यला दाखवली. त्याने एक शब्द पाठवला, सुंदर.

शून्यकडून ‘सुंदर’! बायकोला सांगितलं. ती म्हणाली की शून्यचे बाबा कसे आहेत?

१० फेब्रुवारी

हत्ती गेला, शेपूट अडकलं. पाचशे एकोणपन्नास. सदतीस बाइट जास्त. तीन दिवस झाले, एकही कमी होत नाही. जेवताना बोटांवर मोजत बसलो म्हणून बायको उठून गेली.

५.४० वाजता सुचलं! बटण दाबल्याची वेळ लिहून ठेवतो ना डबा? कशासाठी? रिंग वाजली की मी जाणारच. वाजली नाही तर दाबलंच नाही. मग नोंद कशाची? अडतीस बाइट. काढली.

पाचशे अकरा. एक बाइट शिल्लक! जमिनीवर आडवा पडून दोन मिनिटं छताकडे बघितलं.

१२ फेब्रुवारी. दिवस १

मोजणी सुरू. सकाळी डबा बसवला. मी स्वतः बटण दाबलं. तीन सेकंद, रिंग. अव्वल.

१४ फेब्रुवारी. दिवस ३

बाबा म्हणाले की काल सहज दाबून पाहिलं, काही झालं नाही. मी म्हटलं, सहज दाबलं म्हणून. मग माझ्यासमोर दाबायला लावलं. अंगठा ठेवला, अंगठा थरथरला. रिंग नाही. पुन्हा. नाही. मग दोन हातांनी. नाही. बाबा हसले. म्हणाले, बोट आता माझं ऐकत नाही, तुझं यंत्र कसं ऐकेल?

मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबला. तीन सेकंद. रिंग वाजली. चाचणी यशस्वी.

रोज दहा वेळा सराव करा असं सांगून आलो.

१८ फेब्रुवारी. दिवस ७

ऑफिसात मान उंचावली. आमचं लिफ्ट तपासणी कार्यालय. प्रत्येक लिफ्टमधली धोक्याची घंटा दर महिन्याला वाजवून पाहायची असते. एका इन्स्पेक्टरने अहवालात ‘घंटा ठीक’ लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, गेल्या महिन्यात वाजली होती. मी अहवाल परत पाठवला. शेरा मारला, की आत अडकणाऱ्या माणसाच्या हाताने वाजते का ते पाहिल्याखेरीज घंटेला ठीक म्हणता येत नाही. साहेबांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला.

२१ फेब्रुवारी. दिवस १०

बाबांच्या कोपरावर निळा डाग. दाराला लागलं म्हणाले. खोदून विचारल्यावर कळलं, मोरीत पाय घसरला होता, स्टुलाला धरून उठले. बटण दाबलं का? दाबलं असावं, आठवत नाही, उगाच तुला कामातून उठवायचं, असं काहीतरी पुटपुटले.

विचार केला. उठता आलं म्हणजे गरज नव्हतीच. गरज नसताना प्रोग्राम गप्प राहिला. म्हणजे बरोबरच चालला. मोजणीला धक्का नाही.

तरी सराव वाढवून वीस वेळा सांगितला.

२४ फेब्रुवारी. दिवस १३

बायकोला डाग दिसला. आणि नंबर काढल्याचंही कळलं, कारण तिने बाबांच्या बोटावर बोट ठेवून दाबून पाहिलं आणि तिचा फोन वाजलाच नाही. घरात दोन तास वीज कडाडली. ती म्हणाली, ताईचं यंत्र माळ्यावरून काढ, आत्ता. मी म्हटलं, काढतो, पण १४ मार्चला. आज काही बदललं तर मोजणी पुन्हा एकपासून, आणि मुदत १५ मार्चची. ती म्हणाली की बाबांना ठाऊक आहे का, की १४ मार्चपर्यंत पडायचं नाही?

हा टोमणा होता हे नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी म्हणालो, सांगतो त्यांना.

तिचं म्हणणं, निदान दोन्ही यंत्रं लाव. पण मग ‘रोजच्या उपयोगात’ कुठलं? स्पर्धेत प्रामाणिकपणा नको का? तह झाला. १४ मार्चला सकाळी गाळणी सैल करायची, नंबर परत घालायचे. तोवर तिने रोज कामावर जाताना बाबांकडे डोकवायचं, मी येताना. अठरा दिवस काय, चुटकीसरशी जातील.

१ मार्च. दिवस १८

संध्याकाळी बाबांकडे जायला उशीर झाला, मग गेलो नाही. मंडळावर चर्चा रंगली होती. बायकोने बाबांना फोनवर विचारलं, हा आला होता का? बाबा म्हणाले, आला होता ना, चहा घेऊन गेला. बाबा थोर आहेत.

५ मार्च. दिवस २२

बाबांनी विचारलं, ती बाई कुठे आहे? कोण बाई? मग कळलं, नारळयंत्रातली. माळ्यावर आहे म्हटलं. ते म्हणाले की सकाळी आठ वाजता अजून उत्तर तोंडाशी येतं. हसलो दोघं. मग ते म्हणाले, घड्याळातून एक-एक चाक काढत गेलं तर ते हलकं होतं, आणि शेवटचं चाक काढेपर्यंत काटेही असतातच. कशावरून म्हणाले कळलं नाही. हल्ली भरकटतात.

८ मार्च. दिवस २५

बायको उद्यापासून पाच दिवस प्रशिक्षणाला परगावी. दारात उभी राहून वचन घेतलं. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा, स्वतःच्या पायांनी जायचं. फोनवर भागवायचं नाही. मी वचन दिलं. तिने पुन्हा म्हणून घेतलं. मी पुन्हा म्हटलं. एवढी पुनरावृत्ती! मंडळावर असती तर हसले असते.

९ मार्च. दिवस २६

सकाळी गेलो. संध्याकाळी गेलो. बाबा पत्त्यांचा डाव मांडून एकटेच बसले होते. वचन म्हणजे वचन.

१० मार्च. दिवस २७, संध्याकाळी ७.३०

सकाळी उभ्याउभ्या जाऊन आलो. आता माहितीपत्रक लिहितोय. स्पर्धेला प्रोग्रामबरोबर चार पानी माहितीपत्रक लागतं, आणि प्रोग्रामपेक्षा माहितीपत्रक मोठं होतं, यावर कुणी बोलत नाही. ‘वापरणाऱ्याचा अनुभव’ या मथळ्यापाशी अडलोय. बाबांना फोन केला, उचलला नाही. त्यांना कमी ऐकू येतं. घड्याळंही टिकटिकत असतात.

जायला हवं होतं. पण विचार केला, मी जातो कशासाठी? ते ठीक आहेत का पाहायला. डबा काय करतो? तेच. एकच काम दोघांनी करणं म्हणजे जडपणा. माझा माझ्या प्रोग्रामवर विश्वास नसेल तर इतरांनी का ठेवावा? फोन टेबलावर समोरच ठेवलाय. रिंग नाही.

‘वापरणाऱ्याचा अनुभव’ खाली लिहिलं: अत्यंत समाधानी.

११ मार्च. दिवस २८, सकाळी ८.०५

रिंग नाही. सत्तावीस दिवस-रात्री पूर्ण, एकही खोटी रिंग नाही. विक्रमच म्हणायचा. माहितीपत्रकात टाकतो. ऑफिसला उशीर होतोय, आज सकाळची खेप चुकणार. संध्याकाळी जास्त वेळ बसेन. उद्यापासून नियमित.

सकाळी १०.२०, ऑफिस

शिंपीकाकांचा फोन. पत्ते खेळायला आले, बाबा दार उघडत नाहीत, कडी आतून आहे. मी सांगितलं की आंघोळीला गेले असतील. ते म्हणाले, वीस मिनिटं झाली. मी म्हटलं, काका, गळ्यात बटण आहे, काही असतं तर मला रिंग आली असती. रिंग नाही म्हणजे सगळं ठीक. डुलकी लागली असेल. अकराला पुन्हा बघा.

काका म्हणाले, तू म्हणतोस तर ठीक.

सकाळी १०.५०

फोन तपासला. आवाज पूर्ण आहे. रेंज आहे. रिंग नाही.

सकाळी ११.२५

काकांनी सुतार बोलावून कडी तोडली. निघतो.

१२ मार्च

बाबा मोरीत पडले होते. उजव्या कुशीवर. मोरीतला दिवा चालू होता. अंथरुणाची घडी मोडलेली नव्हती.

खुब्याचं हाड मोडलंय. जिवंत आहेत. काल दुपारी हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती तास पडून होते? मी विचारलं, हाड मोडलंय, त्याला तासांचं काय? डॉक्टर म्हणाले की एकाच कुशीवर फार वेळ पडलं की दबलेल्या स्नायूंतून विष रक्तात जातं, किडन्या निकामी होतात. चार तास असतील तर एक उपचार, चौदा असतील तर दुसरा. कुणी सांगू शकेल का?

शिंपीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, याच्या यंत्रात असेल. दाबलं असणारच ना त्यांनी.

अडतीस बाइट.

मी डॉक्टरांना म्हटलं, अंदाजे. डॉक्टर म्हणाले, अंदाजे किती?

१२ मार्च, दुपारी

बाबांचे कपडे, चष्मा आणायला त्यांच्या घरी गेलो. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. बटण काकांनी टेबलावर काढून ठेवलं होतं. दोरी ओली होती. बटणाच्या कडेला अंगठ्याचं रक्त. नख तुटलंय त्यांचं, डॉक्टरांनी दाखवलं होतं, कशाने तुटलं ते विचारलं होतं.

बटण हातात घेतलं. बाबांचा अंगठा जसा हलतो तसा हलवत दाबलं. रिंग नाही. पुन्हा. नाही. पाच मिनिटं तसंच दाबत राहिलो, खांदा भरून आला. फोन गप्प. मग अंगठा स्थिर ठेवला. एक, दोन, तीन. लगेच वाजला.

प्रोग्राममध्ये एकही चूक नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. किती वेळा दाबलं असेल त्यांनी? प्रत्येक वेळी त्याने ते कचरा म्हणून बाजूला टाकलं.

१३ मार्च

बायको काल संध्याकाळी आली. ताई आज सकाळी. बायको डॉक्टरांशी बोलते, नर्सशी बोलते, ताईशी बोलते, औषधं तीच आणते. माझ्याशी बोलत नाही. ताईने एकदाच विचारलं, माझा नंबर का काढलास? मी म्हणालो, बारा बाइट वाचत होते. हे बोलताना मलाच ऐकू आलं. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

लघवी कमी होतेय. काळपट. उद्या डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल, डॉक्टर म्हणाले.

१५ मार्च, सकाळी ११

मंडळावर शून्यचा निरोप. मुंगी, तुझे तीस दिवस परवा पूर्ण झाले, अर्ज कुठे आहे? सगळे वाट बघताहेत.

अर्ज उघडला. सगळं भरलेलं होतं, एक ओळ सोडून. तीस दिवसांत प्रोग्राम चुकला का? हो किंवा नाही. खरं उत्तर ‘नाही’. ‘नाही’ लिहिलं. पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि बोट थरथरायला लागलं. झोप नाही म्हणून असेल. इंटरनेटही मंद होतं. मुदत गेली.

१७ मार्च

दोनदा मशीनवर घेतलं. किडन्यांचं अजून सांगता येत नाही. हाडाचं ऑपरेशन त्यानंतर. साहेबांचा फोन, हवी तेवढी रजा घे म्हणाले. त्या शेऱ्याची प्रत त्यांनी म्हणे सगळ्या शाखांना पाठवली आहे. घंटा आणि अडकलेल्या माणसाचा हात, तो शेरा.

२० मार्च, सकाळी १०

आज बाबा नीट बोलले. बायको औषधं आणायला खाली गेली होती, ताई घरी. मी स्टुलावर. मला वाटलं झोपलेत. डोळे मिटूनच म्हणाले, कामावर गेला नाहीस? मी म्हटलं, रजा आहे. मग म्हणाले, फार वेळ नव्हतो रे पडलेलो, थोडाच वेळ. मी विचारलं, कधी पडलात? म्हणाले, पहाटे असेल. दिवा लावून मोरीत गेलो नि पाय गेला.

अंथरुणाची घडी मोडलेली नव्हती. मी ते बोललो नाही. रात्रीचं ताटही झाकलेलंच होतं.

त्यांनी माझा हात धरला. थरथर त्यांच्या हातातून माझ्या हातात येत होती. म्हणाले की बटणाचं मनाला लावून घेऊ नकोस, सुनेला मी सांगेन. तुझं यंत्र चांगलं आहे. त्या वेळी वीज गेली असेल, यंत्राला बिचाऱ्याला कसं कळणार? गेली होती ना वीज?

मी हो म्हणालो. गेली होती, बाबा.

ते बरं म्हणाले आणि झोपले.

वीज गेली नव्हती.